कूलरमागची माई

आमच्या घरात सिगार फक्त मी ओढत असे. आमचे हे नाही, मुलगा नाही, जावई तर नाहीच नाही. मी! वय साठीच्या पुढे, कारंज्याच्या शाळेत सारी हयात मराठी शिकवण्यात गेलेली, दोन नातवंडांची आजी. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या तशाच वर ठेवाव्यात, पुढेही लागतील.

सुरुवात भाच्यानं केली. माझ्या बहिणीचा मुलगा प्रशांत जहाजावर इंजिनीअर आहे. उन्हाळ्यात सुटीवर आला तेव्हा त्यानं मावसाजींसाठी, म्हणजे आमच्या यांच्यासाठी, एक लाकडी पेटी आणली. आत देशोदेशीच्या सिगारी, कोणी जाड, कोणी बारीक, प्रत्येकीच्या गळ्यात सोनेरी कागदाची पट्टी. पोराचा हेतू चांगला होता, माहिती तेवढी जुनी होती. आमचे हे, वसंतराव, निवृत्तीनंतर कॉलनीच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष झाले होते! आत विंचू असल्यासारखी त्यांनी ती पेटी लांब धरली आणि प्रशांत गेल्याबरोबर फेकून द्यायला निघाले. नुसता वास घ्यावा म्हणून मी ती हातात घेतली.

"ठेव ते खाली," हे म्हणाले. "बाईमाणसाच्या हातात असं शोभत नाई."

माझं नाव शोभा आहे. मला काय शोभतं आणि काय नाही हे लग्न झाल्या दिवसापासून दुसरेच लोक सांगत आले आहेत. रंग शोभत नाही, मोठ्यानं हसणं शोभत नाही, स्कूटी शोभत नाही (शिकले आणि चालवली). त्या दिवशी मात्र माझं डोकं सणकलं. आमच्या गावात खर्ऱ्याशिवाय पान हलत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, गालात धरायचा आणि सरकारी कार्यालयाचे कोपरे रंगवायचे, याला कोणी व्यसन म्हणत नाही, टाइमपास म्हणतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका दिवसातून चार वेळा तंबाखूचं मंजन लावतात, ते दात घासणं! आणि मी एका सिगारीचा नुसता वास घेतला तर ते शोभत नाही. मी पेटी उचलली आणि सरळ माझ्या कपाटात, पैठणीच्या मागे ठेवून दिली.

कसं ओढायचं ते प्रशांतनं फोनवर समजावून सांगितलं. आधी तो पोट धरून हसला, मग शिकवायला लागला. टोक कापायचं, दुसऱ्या बाजूनं पेटवायचं, धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. आणि मुख्य म्हणजे सिगारीला ओलावा लागतो, नाहीतर ती वाळून फुटते. टोक कापायला मी अडकित्ता घेतला. अध्यक्ष झाल्यापासून यांनी सुपारीही सोडली होती, त्यामुळे अडकित्ता बेकारच बसला होता. ओलाव्याचं मात्र अवघड होतं, कारण वैशाखात आमच्याकडे माणूस वाळून फुटायला येतो, तिथे सिगारीचं काय! मग सुचलं, कूलर! आमचा कूलर घराच्या मागच्या बाजूला, खिडकीला तोंड लावून लोखंडी स्टँडवर उभा असतो. त्याच्याखाली सदा पाणी टपकतं, वर कडुलिंबाची सावली. सगळ्या सिगारी मी स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्याच्या शेजारी, त्या स्टँडखाली ठेवल्या. संध्याकाळी हे फिरायला गेले, घरातला कूलर बंद झाला, की मी मागे खुर्ची टाकून बसायची.

पहिल्या सिगारीनं मला इतकं खोकायला लावलं की शेजारच्या काकू खडीसाखर घेऊन आल्या. पण मी हटले नाही. हळूहळू एकेकीची ओळख पटायला लागली. पट्ट्यांवरची नावं मला वाचता येईनात, म्हणून मी घरातली नावं दिली. एक जाडजूड, मध्ये पोट सुटलेली, ओढताना दमवणारी, तिला मी थोरल्या दिरांवरून ‘मोठे भाऊजी’ म्हणू लागले. एक लांबडी, सारखी विझणारी, चारदा पेटवावं तेव्हा एकदा धूर देणारी, ते ‘धाकटे भाऊजी’. आणि एक काळी, आखूड, कडक. सुरुवातीला जिभेला चटका देणारी, जरा सबुरीनं घेतली तर मात्र शेवटी भाजलेल्या गुळासारखी गोड लागणारी. तिला मी माझ्या थोरल्या नणंदेचं नाव दिलं, ‘माई’. आणि सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही, सगळ्यांत मला माईच आवडली. त्या महिन्यात मला कळलं की साठ वर्षं मी चहा किती गोड हवा हेसुद्धा दुसऱ्याला विचारून ठरवत आले होते, आणि ही एक आवड तेवढी माझी मी शोधून काढली होती.

इकडे यांच्या समितीचं काही ठीक चाललं नव्हतं. अडचण अशी की समितीला मुक्त करायला व्यसनी माणूसच मिळत नव्हता! ज्याला विचारावं तो खर्रा गालात दाबून म्हणायचा, "मले काईच नाई बाप्पा." सचिव गावंडे साहेब मागेच लागले होते, एकही माणूस सुधरत नसेल तर अध्यक्ष बदला. पुढच्या बैठकीत निकाल लागणार होता. मला यांचं मनापासून वाईट वाटायचं. नोकरी संपल्यावर माणूस बनियनवर बसून राहायचा, अध्यक्ष झाल्यावर पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालायला लागला होता. ती खुर्ची गेली तर शर्टही जाणार हे मला दिसत होतं.

बैठक आमच्याच घरी, भर दुपारी, कारण सगळ्यांत मोठा कूलर आमचा. गावंडे साहेब आले, कापड दुकानवाले जमीलभाई आले, आणखी चौघं आले. माझ्या नणंदबाई, म्हणजे खऱ्या माई, मंगरूळपीरहून एसटीनं चार दिवस राहायला आल्या होत्या. महिला प्रतिनिधी कोणीच नाही म्हणून यांनी त्यांनाही बसवून घेतलं. (मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं, मला शोभत नाही.) मी पन्ह्याचे ग्लास घेऊन आत गेले तेव्हा गावंडे साहेबांचं भाषण रंगात आलं होतं.

"घरातली बाई कडक असली त माणूस व्यसन करतच नाई," ते म्हणाले. "चूक हाये ते बायांची हाये."

मी ट्रे टेबलावर ठेवला. पन्हं कोणी वाटलं मला माहीत नाही. मी सरळ मागच्या दारानं बाहेर गेले, खुर्ची ओढली, डबा काढला आणि शेवटच्या दोन माईंपैकी एक पेटवली.

कूलर मागची हवा ओढतो आणि पुढे खोलीत फेकतो, हे आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलांनाही ठाऊक आहे. पण ते विज्ञानात. मी मराठी शिकवत होते!

त्यानंतर आत जे झालं ते मला जमीलभाईंनी सांगितलं आणि अजूनही भेटले की सांगतात. आधी सगळ्यांनी नाकं वर केली. मग एकमेकांकडे पाहिलं. मग व्यसनमुक्ती समितीच्या बैठकीत थंडगार धुराचा असा झोत सुरू झाला की समोरच्याचा चेहरा दिसेना. गावंडे साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी फर्मान काढलं, ज्यानं ओढली त्यानं कबूल करावं, नाहीतर सगळ्यांनी खिसे उलटे करावेत. खिसे उलटे झाले. एकाच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी पडली, दुसऱ्याच्या खिशातून दोन पडल्या, तिसऱ्यानं आपली पुडी औषधाची आहे असं सांगितलं. जमीलभाईंनी शांतपणे गावंडे साहेबांना त्यांचाही खिसा दाखवायला लावला, आणि त्यातून निघालेला खर्रा तर सगळ्यांत ताजा होता. फक्त आमच्या यांच्या खिशात एक कंगवा निघाला. यांची छाती फुगली. धुराचं कोडं तसंच राहिलं, पण खुर्ची वाचली असं त्यांना वाटलं.

बाहेर मला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, कारण कूलरचा आवाज पिठाच्या गिरणीएवढा. त्यात प्रशांतचा फोन आला. कोणती आवडली, असं तो विचारत होता. कूलरच्या वरताण आवाज चढवून मी सांगायला लागले, मोठे भाऊजी जड पडले, धाकट्यांचा तर नादच सोडला. आणि नेमकी त्याच क्षणी विजेची लाइन गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, आतली माणसं गप्प झाली. मी मात्र ओरडतच होते.

"पन माईची सर कोणालेच नाई! माईचं मुंडकं अडकित्त्यानं उडवलं, पायाकून पेटवली, आता निवांत बसून चघळून राह्यली!"

आत माई बसल्या होत्या. जिवंत, मुंडक्यासकट.

मागचं दार उघडलं आणि अख्खी समिती बाहेर आली. पुढे हे, मागे गावंडे, सर्वांत मागे पदर तोंडाला लावून माई. मी खुर्चीत, एका हातात फोन, दुसऱ्या हातात सिगार, मांडीवर अडकित्ता. प्रशांत फोनमधून हॅलो हॅलो करत होता. यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"शोभा, विझव ते," हे म्हणाले.

"नाई विझवत."

"वैनी, हे व्यसन हाये," गावंडे साहेब म्हणाले.

"हाये त हाये. ओढते मी. रोज संध्याकाळी ओढते, आवडते म्हणून ओढते, अन् तुमच्या खर्ऱ्यावानी खिशात लपवून नाई ओढत."

यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या डोळ्यांपुढून इस्त्रीचा शर्ट जात असणार, हे मला कळलं. हातातली सिगार मी खाली केली, पण विझवली नाही. तेवढ्यात जमीलभाई पुढे आले आणि त्यांनी यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"साहेब, मुबारक हो," ते म्हणाले. "आपल्या समितीले पयलं कबूल करणारं माणूस भेटलं!"

मग काय विचारता! ज्या एका व्यसनी माणसासाठी समितीनं सारं कारंजा पालथं घातलं होतं तो खुद्द अध्यक्षांच्या घरात निघाला. सगळ्यांनी यांचं अभिनंदन केलं. गावंडे साहेबांनीही केलं, त्यांना आपली पुडी परत हवी होती. हे पुन्हा एकमतानं अध्यक्ष झाले आणि मी समितीची पहिली, आणि खरं सांगायचं तर एकुलती एक, व्यसनी. यांना शरमावं की हसावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

माई तेवढ्या अजून हलल्या नव्हत्या. मी उठून पाया पडायला गेले तर त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं.

"यातली माई कोणती वं?"

मी काढून दाखवली, शेजारचे दोन्ही भाऊजीही दाखवले. त्यांनी हुंगली, उलटसुलट केली, परत डब्यात ठेवली आणि अख्खा डबा आपल्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं डबा मंगरूळपीरला गेला. चार दिवस राहायला आलेल्या माई एका रात्रीत परत गेल्या.

त्यानंतर दर आठवड्याला समिती माझं मन वळवायला यायला लागली. मी ठाम होते. सोडणार नाही म्हणजे नाही, हे मी सर्वांदेखत सांगितलं. ओढावंसं केव्हा वाटतं, असं यांनी अध्यक्षीय आवाजात विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुम्ही समोर बसून हा प्रश्न विचारता तेव्हा. कोणापुढे मान तुकवायची नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. फक्त जवळ सिगार नव्हती. मनात म्हणायची, माई काही ओढायच्या नाहीत, राग निवळला की डबा परत येईल.

महिनाभरानं माईंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, मग आवाज खाली.

"तो धाकटा सारखा विझते वं. मले त बाप्पा मोठा भाऊच आवडला. अन् एक बारकी व्हती पाह्य, नुसता धूर करे, आत काईच नाई. तिचं नाव म्या शोभा ठेवलं."

डबा रिकामा झाला होता. प्रशांत समुद्रावर, दिवाळीपर्यंत येणार नाही. आमच्या कारंज्यात सिगार मिळत नाही, आणि वाशीमला जाऊन विचारलं तर दुकानदारानं मला अगरबत्ती दाखवली.

असेच आणखी दोन महिने गेले. मी ओढत नाही ही बातमी यांनी मोठ्या आनंदानं समितीला दिली आणि समितीनं सत्कार ठेवला. मंडप, माइक, पेढे. हे नव्या इस्त्रीच्या शर्टात असे उजळले होते की मला सत्कार नको म्हणवेना. गावंडे साहेबांनी माइक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, वैनी, एवढं जबर व्यसन सुटलं कसं, लोकांना सांगा.

मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं आहे. मी म्हटलं, "संपल्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई किती साधेपणानं बोलल्या, असं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. आणि कोणापुढे मान तुकवायची नाही असं ठरवलेली मी, शाल अंगावर घालून घ्यायला मान खाली करून उभी राहिले.