माळकरणीचं बेकन

समजा, तुम्हाला एक पदार्थ करायचा आहे. तो तुम्ही कधी खाल्लेला नाही, दुसऱ्या कुणाला खातानाही पाहिलेला नाही. करून झाल्यावरही तुम्ही तो चाखणार नाही, कारण तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ज्याने तो सांगितला त्याला तुमची भाषा येत नाही. ज्याने ते सांगणं मराठीत आणून दिलं त्याच्या घरी त्या जनावराचं नावही कुणी काढत नाही. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो माणूस पुढ्यात काहीही ठेवलं तरी मुकाट खातो आणि ‘गुड’ म्हणतो. आता पदार्थ जमला की बिघडला, हे तुम्हाला कळणार कसं?

जतच्या पुढे माळावर राहणाऱ्या विजयमालाअक्काला गेल्या हिवाळ्यात नेमका हाच प्रश्न पडला होता.

अक्का माळकरीण असली तरी गावात मटण तिच्याइतकं चांगलं कुणी करत नाही. माळ तिच्या गळ्यात आहे, नवऱ्याच्या नाही. नाथाजीला आठवड्यातून एकदा रस्सा लागतो, आणि तो रस्सा अक्का मागच्या सोप्यात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या कढईत करते. चाखत नाही. मीठ वासावरून ओळखते, मटण शिजलं की नाही ते उकळीच्या आवाजावरून. शेवटची परीक्षा मात्र खाणाऱ्याच्या तोंडावर. पहिला घास नाथाजीच्या तोंडात गेला की ती त्याच्या भुवयांकडे बघते. भुवया वर गेल्या तर मीठ जास्त, खाली आल्या तर तिखट कमी, आणि आहेत तिथेच राहिल्या तर जमलं. जत्रेत गावचं मटण तिच्याकडेच असतं. लोक म्हणतात, ‘‘अक्का चाखत न्हाई म्हणून तर रस्सा सगळ्यांस्नी पुरतोय. चाखणाऱ्या बाया निम्मा आदीच सपवत्यात.’’

माळावर पवनचक्क्या आहेत आणि त्या दुरुस्त करायला डेन्मार्कहून येन्स नावाचे साहेब आलेले आहेत. पन्नाशीचे, उंच, दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलणारे. कंपनीने त्यांच्यासाठी जयपाल आण्णांच्या बंगल्यातल्या दोन खोल्या घेतल्या. आण्णा जैन, खोल्या देताना त्यांनी एकच अट घातली, घरात मांस शिजायचं नाही. स्वयंपाकाला अक्का, गाडीला फारूक. फारूक शेख काही वर्षं मस्कतला होता, त्यामुळे त्याचं इंग्रजी चालतं. आमटी ठेवली, साहेब म्हणाले गुड. पिठलं ठेवलं, गुड. एकदा भाजीत मीठ घालायचंच राहून गेलं, तर तीही गुड.

भुवया हलत नव्हत्या. सुरुवातीला अक्काला याचं फार समाधान वाटलं.

एका रविवारी साहेबांनी पुण्याहून मागवलेलं एक पाकीट आलं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, बर्फाच्या डब्यात. आण्णांच्या अटीमुळे साहेबांनी ते बंगल्याबाहेर, कुंपणाशी स्टोव्ह लावून तव्यावर टाकलं. तव्यात पाणीच पाणी झालं, तुकडे आकसून रुपयाएवढे राहिले. साहेबांनी एक खाल्ला. त्यांच्या भुवया अशा काही खाली आल्या की अक्काने हातातला झाडू ठेवला. या माणसाला तोंड आहे, हे तिने पहिल्यांदा पाहिलं.

‘‘काय हुतं रं ते?’’ तिने फारूकला विचारलं.

‘‘बेकन. डुकराचं असतंय.’’

‘‘आन मग?’’

‘‘बरं न्हवतं.’’

त्या दिवशी गाडीत साहेब जतपर्यंत बेकनवर बोलले. फारूकच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे महिन्याचे शब्द त्यात खर्ची पडले. त्यांच्या देशात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत, रविवारी सकाळी घराघरातून तो वास येतो, आणि इथे गोव्यापासून पुण्यापर्यंत त्यांनी सगळीकडून मागवून पाहिलं, कुठे धड मिळत नाही. हे ऐकून नाथाजी म्हणाला, ‘‘माणसांपरास डुकरं जास्त? मग सरपंच कोन हुतंय?’’

अक्का हसली नाही. ती म्हणाली, ‘‘कसं करत्यात इचार.’’

फारूकने विचारून आणलं. ‘‘ऐका अक्का. पोटाकडचं मांस घ्यायचं. मीठ लावायचं. धूर द्यायचा. पातळ कापायचं, बिनतेलाचं तव्यावर टाकायचं. झालं.’’

‘‘मीठ किती?’’

‘‘ते त्याला म्हाईत न्हाई.’’

‘‘धूर किती येळ?’’

‘‘तेबी न्हाई. तिकडं दुकानात मिळतंय म्हनला.’’

म्हणजे त्यालाही येत नव्हतं. अक्काला हे ऐकून बरं वाटलं. सगळे एकाच पायरीवर होते.

कवठ्याच्या बाजूला साईराज नावाचा पोरगा पांढरी डुकरं पाळतो. शेतकी कॉलेज करून आला, शेड बांधलं, माल गोव्याला धाडतो. फारूकने गाडी काढली, पण आधी सांगून ठेवलं, ‘‘अक्का, वाट मी दावीन, गाडी मी चालवीन. डबा मागं टपावर. उचलायचा तुमी, उतरवायचा तुमी. परत आल्यावर गाडी धुवायची, ती मी धुनार.’’ आजवर त्यातलं एकही कलम मोडलेलं नाही.

पहिल्या वेळी अक्काने तिला माहीत होतं तेच केलं. या कोरड्या मुलखात जास्तीचं मटण वाया घालवत नाहीत. लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोरीवर घालून उन्हात वाळवायच्या. याला चानी म्हणतात. अक्काने डुकराची चानी केली. चार दिवसांच्या उन्हाने ती अशी झाली की कापताना विळी सरकली. साहेबांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, ‘‘गुड.’’ दुसराही घेतला.

‘‘आवडलं वाटतं,’’ नाथाजी म्हणाला.

‘‘तुमी खाऊन बघा बरं.’’

‘‘माझ्या जिभंला ह्यात वडू नगंस. बोकड म्हन, कोंबडी म्हन, तयार हाय. हे न्हाई.’’

दुसऱ्या वेळी तिने धूर दिला. आता धूर म्हटला की अक्काच्या डोळ्यांपुढे शेणी येते; शेणीसारखा संथ, न विझणारा धूर दुसऱ्या कशाचा? गोठ्यामागे पिंप उभं केलं, आत मांस टांगलं, खाली शेणी पेटवल्या, दिवसभर राखण केली. साहेबांनी तेही खाल्लं. गुड म्हणाले. त्या संध्याकाळी साहेबांजवळ एक डास फिरकला नाही, असं फारूकने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

अक्काची झोप उडाली. मांस वाया गेलं याचं तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं वाटत होतं, की आपण आंधळ्यासारखं रांधतोय आणि बघणारा एकुलता एक माणूस काय दिसतंय ते सांगत नाही. मीठ कमी का जास्त? धूर पुरला का नाही? तिला कौतुक नको होतं. तिला एक खरा शब्द हवा होता, मग तो शिवी असला तरी चाललं असतं.

पुढच्या रविवारी साहेब कुंपणाशी खुर्ची टाकून शेणीच्या धुरातले उरलेले तुकडे नेटाने संपवत होते. अक्का समोर जाऊन उभी राहिली.

‘‘फारूक, इचार त्याला, खरं सांग म्हनावं, कसं झालंय?’’

फारूकने विचारलं. साहेब हसून म्हणाले, ‘‘गुड.’’

‘‘गुड पुरं झालं म्हनावं! मी काय गुड ऐकायला हारंभर शेणी जाळल्या? माझी जीभ ह्याला लागायची न्हाई. तुझी लागायची न्हाई. आमच्या मालकांची न्हाई. ह्या आख्ख्या माळावर ह्या पदार्थाला एकच जीभ हाय, आन ती खोटं बोलती. मग मी इचारू कुनाला? त्या चक्कीला?’’

‘‘हे सगळं सांगू?’’

‘‘सगळं.’’

फारूकने चक्की तेवढी वगळून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता साहेबांनी काटा खाली ठेवला. अक्काकडे पाहिलं, तिच्या माळेकडे पाहिलं. मग फारूकला हळूच काही विचारलं.

‘‘तो इचारतोय, अक्का हे खात न्हाई?’’

‘‘न्हाई म्हनावं.’’

‘‘डुकरच न्हाई का?’’

‘‘अंडंबी न्हाई.’’

साहेबांची समजूत अशी होती, की ही इथलीच रीत असावी, अक्का घरी हेच खात असेल आणि आपल्याला प्रेमाने देत असेल. नाव ठेवायचं कसं? ते खुर्ची पुढे ओढून बसले, आणि बिघडलेल्या गिअरबॉक्सचा अहवाल द्यावा तसं बोलू लागले. हळद अजिबात नको. मीठ निम्मं. उन्हात वाळवणं चूक. हा धूर तर पूर्ण चूक. लाकूड हवं, जमलं तर फळझाडाचं. जाडी फार, मागचं दिसेल इतकं पातळ हवं. आणि मांस गरम होता कामा नये, त्याला नुसता धूर लागला पाहिजे. मागच्या चानीने आपली दाढ हलली आहे, तेही सांगितलं.

फारूकला ते तिच्या तोंडावर सांगताना कसंतरी वाटत होतं. ‘‘अक्का, मनाला लावून घेऊ नका.’’

‘‘तू गप. फुडं काय म्हनतोय ते सांग.’’ तिचं तोंड असं उजळलं होतं, जणू कुणी खणानारळाने ओटी भरत होतं.

तिसऱ्या वेळी तिने घाई केली नाही. साईराजने मोबाइलवर वाचून सांगितलं की मिठाबरोबर साखर लावतात. अक्काने साखरेऐवजी गूळ किसून लावला. मांस आठवडाभर साईराजच्याच फ्रीजमध्ये राहिलं आणि तो ते रोज उलटत होता. आण्णांच्या डाळिंबाच्या बागेत छाटणी झाली होती. आण्णांनी काड्या दिल्या, कशाला हव्यात ते विचारलं नाही, आणि अक्काने सांगितलं नाही. चूल पिंपापासून लांब मांडली आणि बोअरच्या जुन्या पाइपातून धूर पिंपात नेला, म्हणजे धूर जाईल, ऊब जाणार नाही. साहेबांनी येऊन पाइपाचा चढ तपासला. फारूक वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून सूचना करत होता.

रविवारी सकाळी, साईराजकडे थंड करून कडक केलेला तो तुकडा अक्काने नव्या विळीवर कापला. बटाट्याच्या वेफर्सइतका पातळ. तवा मागच्या सोप्यात ठेवला. पट्ट्या टाकल्या आणि कान देऊन बसली. आधी ओला आवाज आला, मग चरबी सुटून तडतड, मग तडतड कोरडी झाली. तिथे तिने तवा उतरवला.

नाथाजी दारात आला. ‘‘काय शिजतंय गं?’’

‘‘साहेबाचं.’’

‘‘हं.’’ तो गेला. परत आला. ‘‘कांदा हाय का त्यात?’’

‘‘न्हाई.’’

‘‘हं.’’ या वेळी तो लगेच गेला नाही. दाराशी उभा राहून त्याने माळेवर हात ठेवावा तसा गळ्यावर हात ठेवला, तिथे माळ नव्हती, आणि मग गुरांना पाणी दाखवायला निघून गेला.

अक्काच्याच अंगणात बसून साहेबांनी पट्टी ज्वारीच्या गरम भाकरीवर ठेवली, घडी घातली आणि खाल्ली. अक्का भुवयांकडे बघत होती. त्या हलल्या नाहीत. पण तिच्या हातच्या कशालाच त्या आजवर हलल्या नव्हत्या. ‘गुड’ आलं नाही. साहेबांनी दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी. मग फारूककडे न बघता काहीतरी बोलले.

‘‘काय म्हनतोय?’’

‘‘मीठ थोडं जास्त झालंय म्हनतोय.’’

आणि तेवढ्यात साहेबांनी ताटली उचलून मांडीवर घेतली, उरलेलं कुणी मागू नये अशी.

अक्का पायरीवर टेकली. ‘‘झ्याक,’’ ती म्हणाली, ‘‘लय झ्याक.’’

आता दर महिन्याला बेकन होतं. मीठ कमी झालं, डाळिंबाचा धूर कायम राहिला. साईराजनेही अक्काची रीत उचलली आहे. सगळं सुरळीत आहे, फक्त एका गोष्टीची कुणी कल्पना केली नव्हती. साहेबांना खरं बोलायची सवय लागली. चहा गोड होतोय म्हणाले. चपातीची कड कच्ची राहते म्हणाले. वांग्यात तेल फार. अक्काने एकेक दुरुस्त केलं, कुरकुर केली नाही. मागितलं होतं तेच मिळत होतं.

पण हुलग्याचं माडगं आहे, थंडीत पितात ती कुळथाच्या पिठाची पेज. तिच्या हातचं, आईच्या पद्धतीचं. साहेब वर्षभर ते वाटीवर वाटी पीत आले आहेत आणि प्रत्येक वाटीला गुड म्हणत आले आहेत. हे अक्काने पाणवठ्यावर सांगितलंय, दहिवडीच्या बहिणीला फोनवर सांगितलंय. माडग्याबद्दल साहेब अजून वेगळं काही बोललेले नाहीत. थंडी परत आली आहे. काल तिने हुलगे भाजून दळून आणले, डबा भरला आणि तसाच ठेवला.

‘‘इचारू का त्याला?’’ फारूक म्हणाला.

‘‘थांब. त्याला नगं.’’ तिने इकडे-तिकडे पाहिलं. ‘‘तू रोज गाडीत असतोस त्याच्यासंगट. तूच सांग रं, माझं माडगं त्याला खरंच आवडतंय का?’’