जवळ्याचा प्रोजेक्ट आणि फ्रिजचं कुलूप

मला पहिल्यांदा काही खटकलं असेल, तर ते लॅबमधल्या फ्रिजचं कुलूप! दुकानाच्या शटरला असतं तसलं दणकट. त्यासाठी फ्रिजच्या दाराला भोकं पाडून कडी बसवलेली.

कल्याणच्या एका कॉलेजात, फूड सायन्सच्या लॅबमध्ये, मी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागलेले, त्याचा पहिला दिवस. मी मुळात घाबरट. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. मनात आलं, आत विषबिष आहे की काय!

लॅब अटेंडंट प्रभाकरला विचारलं. तो बाटल्या धुता धुता म्हणाला, "विष नाय मॅडम, फणसपोळी असायची."

आमच्या देवधर सरांनी आधी फणसपोळीवर दिल्लीहून सरकारी ग्रँट आणली होती. पोळी किती महिने टिकते ते बघायचं होतं. दुसऱ्या महिन्यात फ्रिज उघडला तर एक तुकडा शिल्लक नाही. स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांचे चेहरे तृप्त! कुलूप आलं ते त्यानंतर.

"मग सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं काय?"

"लिहिलं, पोळी टिकत नाय. खोटं आहे का?"

असे किस्से त्या लॅबमध्ये कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत, ते आपोआप साचले, ड्रॉवरमध्ये रबरबँड साचतात तसे. आता मैत्रिणी जमल्या की एक ओढावा, तर दुसरा अडकून बाहेर येतो. आता हसते, पण तेव्हा मला एकाचंही हसू आलं नव्हतं. कारण माझी नेमणूक नवीन ग्रँट येईल या भरवशावर होती. नाही आली, तर लॅब बंद आणि मी परत शहाडला घरी. बाबांनी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणूनच ठेवली होती. आणि फणसपोळीनंतर दिल्लीत आमचं नाव काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

*

नवीन प्रोजेक्ट होता जवळ्याचा. जवळा म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी. खाडीकाठी ती जमिनीवर पसरून सुकवतात, त्यामुळे रेती येतेच. आम्ही उन्हावर चालणारा काचेचा ड्रायर वापरून ती स्वच्छ सुकवणार होतो.

यातली गंमत अशी की देवधर सर डोंबिवलीचे, शुद्ध शाकाहारी. जवळ्याची बरणी उघडली की सर खिडकीपाशी जाऊन तपासायचे. बरणी नाही, बाहेरचं हवामान!

अर्जात एक रकाना होता, 'प्रकल्पाचं राष्ट्रीय महत्त्व'. त्यावर सर चार दिवस अडलेले. शेवटी प्रभाकर वैतागला.

"लिहा ना सर, देशाला तीन बाजूंनी समुद्र आहे."

"आणि चौथ्या बाजूला?"

"चौथ्या बाजूला दिल्ली. म्हणून तर अर्ज करायचा!"

*

अर्जासोबत चवीची चाचणी जोडायची होती. दहाबारा जणांनी ड्रायरमधला आणि जमिनीवर सुकवलेला, असे दोन्ही जवळे खाऊन बघायचे आणि गुण द्यायचे. सरांनी तारीख काढली ती नेमकी श्रावणातली. स्टाफमधले निम्मे बारा महिने शाकाहारी, उरलेले श्रावण पाळणारे. बॉटनीच्या बाई मदतीला तयार झाल्या, पण म्हणाल्या, "मी नुसतं बघून गुण देईन हं!"

"मग आधी घ्या ना," प्रभाकर म्हणाला, "गटारीला."

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी ज्याला त्याला मटणमासळी हवीच असते. त्या दुपारी लॅबमध्ये ही गर्दी! ऑफिसचा क्लार्क, लायब्ररीचा शिपाई, जिमखान्याचे सर, ज्यांना बोलावलं नव्हतं तेही आले. दोन्ही नमुन्यांना सगळ्यांनी दहापैकी दहा गुण दिले. आमच्या ड्रायरवाल्यालाही दहा, रेतीवाल्यालाही दहा! मला रडू यायचं बाकी होतं.

फॉर्मवर खाली 'सूचना' असा रकाना होता. त्यात एकट्या जिमखान्याच्या सरांनी मनापासून लिहिलं होतं, 'सोबत काहीच नाही?'

*

आमचा ड्रायर ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात चांगुणामावशींच्या अंगणात ठेवलेला. मावशींचा आवाज असा, की पहिल्या भेटीत माझ्या हातातलं थर्मामीटर खाली पडलं. त्या म्हणाल्या, "काय गो बाय, मी काय खातंय तुला?"

एकदा मी न कळवता गेले. ड्रायरचं झाकण उघडलं आणि किंचाळले. आत एक लहान माणूस आडवा पडलेला! म्हणजे, मला तसं दिसलं. प्रत्यक्षात तो मावशींच्या नातवाचा शाळेचा युनिफॉर्म होता. शर्ट, चड्डी, खाली मोजे, सगळं जागच्या जागी.

"जवळा कुठाय मावशी?"

"तो खालीच सुकतंय, नेहमीसारखा. ह्यात कपरं बेस सुकतान. धूल नाय, कावला नाय!"

मी घाबरत घाबरत सरांना सांगितलं. सर खूश! लगेच पेन काढलं आणि अर्जात वाक्य घातलं, 'स्थानिक लोकांनी हे तंत्रज्ञान दैनंदिन जीवनात स्वीकारलेले आहे.'

*

मग मुंबईहून एक साहेब ग्रँटसाठी पाहणीला आले. सफारी सूट, हातात फाइल, नाकाला रुमाल. मावशींना आदल्या दिवशी मी सगळं पढवलं होतं. स्वच्छता म्हणा, आरोग्य म्हणा, दर्जा म्हणा.

साहेबांनी विचारलं, "बाई, या यंत्राने तुमचा नेमका काय फायदा झाला?"

मावशी म्हणाल्या, "कावले गेले."

"कुठे गेले?"

"शेजारणीकरं!" आणि कुंपणापलीकडे बघून त्या इतक्या समाधानाने हसल्या, की पलीकडून एक सूप दणकन आपटल्याचा आवाज आला.

मी तर संपलेच. पण साहेब रुमालाआड हसत होते. जाताना त्यांनी दुसरा ड्रायर शेजारणीला द्यायची शिफारस केली. मावशी त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

*

यानंतरचा किस्सा मी नेहमी शेवटी सांगते. 

अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. दिल्लीहून निरोप आला, कमिटी बसणार आहे, दोन्ही नमुने पाठवा. दोन डबे. 'ए' मध्ये जमिनीवर सुकवलेला साधा जवळा, 'बी' मध्ये आमच्या ड्रायरमधला. सर म्हणाले, "ए खाताना दाताखाली रेती आली, की बी आपोआप पास! आपल्याला बोलायची गरजच नाही."

ए चा डबा भरायचं काम अर्थातच मावशींचं. अबोला सोडून त्यांनी ते आनंदाने घेतलं. 'बी' मी स्वतः भरून त्यांच्याकडे दिला. मावशींच्या नवऱ्याने दोन्ही डबे एकत्र पांढऱ्या कापडात शिवले. जाळं विणणारा हात तो, असा टाका घातला की पार्सल उसवायला दिल्लीला कोयता लागावा. मी लाखेचे शिक्के मारून पार्सल पाठवलं आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात मावशींकडे गेले. त्यांनी भाकरीवर लालभडक काहीतरी वाढलं. जवळ्याची चटणी! खरपूस भाजलेला जवळा, लसूण, सुकं खोबरं, घरचा मसाला. अशी चव, की मी बोटं चाटत बसले.

"आवरली? मंग हीच तर धारलीय दिल्लीला."

माझा हात भाकरीवरच थांबला. "काय धाडलंय?"

"चटनी. ए च्या डब्यान. चांगला निवरला, धवला, भाजला, मंग केली."

"मावशी! अहो त्यात रेतीवाला जवळा हवा होता! ए वाईट लागायला हवा होता!"

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दिल्लीचे मोठे मानूस माज्या घरचा खानार. त्यांच्या दातान रेती घालू? आनि कच्चा धारू? कंच्या तोंडान गो?"

मी हात धुऊन थेट कल्याण गाठलं.

लॅबमध्ये येऊन सरांना सांगितलं. सर मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे आपण सरकारला स्वतःच दाखवून दिलं, की ड्रायर नसला तर जवळा जास्त चांगला लागतो."

"तो तर लागतोच," प्रभाकर म्हणाला. सरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो फ्रिज पुसायला गेला.

कमिटी त्याच दिवशी बसणार होती. डबा उघडू नका म्हणून सांगायचं, एवढाच मार्ग. सरांचा आवाज बसला होता, म्हणून फोन मी करायचा. मी! जिला रिंग वाजली तरी धडकी भरते!

स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. बाहेर सर आणि प्रभाकर काचेला नाक लावून उभे. पहिल्यांदा एंगेज. परत एंगेज. मग लागला, तर कुणीतरी म्हणालं, 'होल्ड कीजिए', आणि फोन कट. पुन्हा लावला, तर चुकून लागला एका ट्रॅक्टरच्या दुकानात, त्यांनी मला ट्रॅक्टरची चौकशी करायला लावली. मग जेवणाची सुट्टी. मग नुसती रिंग, लांब, एका रिकाम्या मोठ्या खोलीत वाजत असल्यासारखी. काचेपलीकडून सर ओठांनी विचारत होते, "काय? काय?" बूथवाला म्हणाला, "ताई, मागे लाइन आहे." मी म्हटलं, "राहू दे!" आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर ओरडले, आणि दचकले नाही.

माझ्या डोळ्यासमोर बँकेच्या परीक्षेची पुस्तकं. मावशींच्या अंगणातून उचलून नेलेला ड्रायर. शेजारणीकडून परत येणारे कावळे.

पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. मागे खूप माणसांचा आवाज, हसणं, कुणीतरी पाणी मागत होतं. मी एका दमात म्हटलं, "हॅलो सर, मैं कल्याण से बोल रही हूँ, वो सूखे झींगेवाला पार्सल, प्लीज..."

"कल्याण? अरे मॅडम, हम भी आपको ही लगा रहे थे!" तो माणूस तोंडात काहीतरी चावत होता. "आपका प्रोजेक्ट तो पास हो गया. बस, ए वाला डिब्बा एक और भेज दीजिए. क्या है, हमारे फ्रिज को ताला नहीं है ना!"