फक्कीची रेघ

"मास्तर, जरा येता का? हे बोलंनात..." वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचं दूध तापत होतं. गॅस बंद केला की नाही, आजही आठवत नाही. चार घरं ओलांडून पोचलो. आनंदराव बाजूच्या सोप्यात, आपल्या आरामखुर्चीत, मान एका बाजूला टाकून बसलेले. वहिनी त्यांचे तळवे चोळत होत्या. सोप्याच्या दाराशी जमिनीवर, मैदान आखायच्या फक्कीची पांढरी रेघ होती, आणि त्या रेघेच्या अलीकडे त्यांची लेक रेवती महिन्याभराचं बाळ छातीशी धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "काका, आता तरी जाऊ का आत?" मी म्हणालो, "नको." पाच आठवडे झाले त्या शब्दाला.

आनंदराव मोजणी खात्यातले सर्व्हेअर. उचगावच्या आसपासची निम्मी शिवारं त्यांनी साखळी-टेप घेऊन पालथी घातली. बांधावरून कुऱ्हाडी काढलेले भाऊ भाऊ त्यांची गाडी दिसली की गप्प व्हायचे. "हद्द म्हंजे हद्द, पावणं. तिला काय मायादया नसती," असं भर उन्हात खणखणीत आवाजात सांगायचे. निवृत्त झाल्यावरही माणूस तसाच. ताटात आमटी भाताकडे सरकली तरी चमच्यानं मागं लोटणारा. मी यावरून त्यांना किती छळलं असेल! ते गडगडून हसायचे आणि पुन्हा आमटी मागं लोटायचे.

गेल्या वर्षी लघवीचा त्रास सुरू झाला आणि तपासण्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुण्याला त्यांच्यासोबत मीच गेलो, कारण रेवतीला दिवस गेलेले आणि वहिनी तिच्यात अडकलेल्या. डॉक्टर म्हणाले, रोग ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर पसरलेला नाही. "म्हंजे बांध फोडला न्हाय अजून," आनंदराव म्हणाले. तांदळापेक्षा बारीक, किरणोत्सर्गी दाणे सुईनं थेट ग्रंथीत बसवायचे. ते तिथंच राहतात, आतल्या आत रोग जाळतात, आणि काही महिन्यांत त्यांचा जोर ओसरत जातो. "आतनं पेरणीच की ही," ते म्हणाले. पण खोलीबाहेर आल्यावर माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

दाणे बसवून घरी सोडताना, आनंदराव आत कपडे बदलत होते तेव्हा, डॉक्टरांनी मला पथ्यं सांगितली आणि मी ती फायलीतल्या कोऱ्या कागदावर टिपून घेतली. चाळीस वर्षं पोरांना 'थोडक्यात लिहा' शिकवलेला माणूस मी. लिहिलं : 'गरोदर बाई, लहान मूल – तीन फूट लांब. मूल मांडीवर नको. दोन महिने.' खाली जाड रेघ मारली आणि स्वतःवर खूश झालो.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं रेवती आधीच येऊन राहिलेली. आनंदरावांनी माझा कागद दाराला चिकटवला, टेप काढला आणि स्वतःचं अंथरूण सोप्यात हलवलं. तीन फुटांचे त्यांनी सहा केले. लोटून काढताना रेघ पुसट झाली की रोज सकाळी नवी फक्की घालायचे. तीन आठवड्यांनी नातू झाला. बारशाला माजघरात बायका पाळणा म्हणत होत्या आणि हा माणूस खुर्चीतून मान लांब करून बघत होता. रेवती रेघेशी येऊन बाळ दाखवायची. ते दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवायचे, मधे अंतर सोडून. "एवढं झालं न्हवं?" म्हणायचे. दर चार दिवसांनी ते अंतर थोडं वाढवायचे.

कॅलेंडरवर फुल्या मारत होते. आठ दिवस उरले तेव्हा मी शेजारी बसलेलो. छाती चोळत म्हणाले, "मास्तर, आठ दिस निघतील न्हवं?" मला वाटलं, ॲसिडिटी. "गप बसा की," मी खेकसलो. "आठ दिवसांनी कंटाळा येईपर्यंत घ्या मांडीवर."

दुसऱ्याच सकाळी वहिनींचा फोन आला. कॅन्सरनं नव्हे, हृदयानं नेलं त्यांना.

त्यांच्या पाकिटात एक कार्ड होतं : मृत्यू झाल्यास दहनाआधी कळवा. मीच पुण्याला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. दहन करा, पण हातमोजे, मास्क घालूनच रक्षा गोळा करा, ती पाण्यात सोडू नका. धातूच्या डब्यात बंद करून माणसांच्या वावरापासून लांब ठेवा, कधी काय करायचं ते मी सांगेन. मी लिहून घेत होतो, या वेळी शब्दन्‌शब्द. मग ते हळूच म्हणाले, "नातवाला घेतलं का हो त्यांनी? सांगितलं होतं ना मी... मांडीवर तासन्‌तास नको, पण मिनिटभर उचलून घ्यायला काहीच हरकत नाही."

सांगितलं होतं. मला आत्ता डॉक्टरांचा तेव्हाचा चेहरासुद्धा आठवतो. ते वाक्य मला फालतू वाटलं होतं, म्हणून मी गाळलं.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर काही नेलं नाही. रक्षेचा स्टीलचा डबा सोप्यात, त्या खुर्चीवर ठेवलाय; तिथं आता कुणी वावरत नाही. रेवती बाळाला घेऊन दारासमोरून जाते तेव्हा त्याचं तोंड पलीकडं वळवून धरते. दोन महिने कधीच उलटले, पण कागद दारावर तसाच आहे.

काल मी पेन घेऊनच गेलो. ठरवलं होतं, गाळलेलं वाक्य वहिनी आणि रेवतीसमोर दारावरच्या कागदावर लिहायचं आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. वहिनी खाली वाकून फक्की घालत होत्या. मी दाराकडं पाऊल टाकलं तशा त्यांनी हात आडवा केला.

"वलांडू नगा, मास्तर," त्या म्हणाल्या. "कागदावर लिव्हलंय न्हवं? तुमचंच अक्षर हाय की."

मी पेन खिशात ठेवलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.