दोन पाण्यांत धुतलेला फोटो

धुळ्यातला आमचा फोटो स्टुडिओ माझ्या आजेसासऱ्यांनी इंग्रजांच्या काळात थाटलेला. सागवानी पेटीचा कॅमेरा, काळं फडकं, पडद्यावर रंगवलेले खांब आणि जिना, आणि माणूस हलू नये म्हणून मानेमागे लावायचा लोखंडी चिमटा. ऐंशी साल उलटलं तरी माझे सासरे, नाना, काचेच्या प्लेटवरच फोटो काढायचे. "हलू नका!" असे खेकसायचे की भलाभला माणूस फोटोत आरोपीसारखा दिसायचा.

फोटो धुणं माझ्या गळ्यात. हायपोचं औषध कागदात राहिलं की फोटो पुढे पिवळा पडून पुसला जातो, म्हणून तो सात पाण्यांतून काढायचा. सात! नळाला पाणी चौथ्या दिवशी, तेही अर्धा तास. नानांचं काय जातंय सांगायला? एका उन्हाळ्यात मी दोन पाण्यांवरच भागवलं. वाचलेल्या पाण्यात आमचं वरण शिजलं.

त्याच उन्हाळ्यात खेड्यावरची एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. आम्ही त्याला स्टुडिओतले बूट घातले. चिमटा बघून त्याने भोकाड पसरलं, मग कसाबसा उभा राहिला. पावसाळ्यात तो तापाने गेला, असं नंतर कळलं.

सहा वर्षांनी ती फोटो घेऊन आली. "भाऊ, देख ना, मन्हा पोऱ्यानं तोंड देखाई नही ऱ्हायनं. दुसरा काढी दे."

दुसरा कुठून काढणार? जुन्या प्लेटा, म्हणजे निगेटिव्हच, नाना खरवडून फ्रेमच्या काचा म्हणून वापरत. फोटोत बूट दिसत होते, सदऱ्याची बटणं दिसत होती. तोंडाच्या जागी पिवळा डाग. भिंतीवर आजेसासऱ्यांनी काढलेला कुणा पागोटेवाल्याचा तपकिरी फोटो होता, त्याच्या मिशीचा केस न् केस अजून जागेवर.

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. "ऊन लागलं असेल, अक्का," ते तिला म्हणाले.

तिने कपाळावर हात मारून घेतला. "मन्हीच चूक शे." रोज सकाळी ती फोटो उन्हात धरून त्याचं तोंड बघायची म्हणे.

मग तिने तो पदरात गुंडाळला. आता पेटीत, अंधारात ठेवीन, बघायचासुद्धा नाही, म्हणजे उरलंय तेवढं तरी राहील, म्हणाली.

राहणार नव्हतं. औषध कागदात होतं, ते अंधारातही खातंच. मला हे माहीत होतं. मी दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "जपून जा हं, अक्का."