नमुनेकाका आणि सुध्याचा रुमाल

नमुनेकाकांना चहा दिला की ते पेला आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरत, हलवून तळ बघत. आई म्हणायची, "भावोजी, साखर घातलीय हो." त्यावर ते मालवणीत म्हणत, "आधी बघूया, मगे बोलूया." पालिकेच्या हॉस्पिटलात रक्त-लघवीचे नमुने तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं.

मला त्यांचा राग यायचा. वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, चाळीवर बिल्डरचा डोळा होता, आणि हा माणूस माझं प्रत्येक पत्रक वाचून एकच विचारायचा, "तू बघितलंस काय रे?" लढा टाळायचा हा सभ्य मार्ग आहे, असं माझं ठाम मत होतं.

एका सकाळी धाकट्या भावाला, सुध्याला, घेऊन मी नाक्यावर पोस्टरं चिकटवत होतो. सुध्या शिडीवरून तोंडावर पडला. कपाळाला टेंगूळ, नाकातून थोडं रक्त. दोन दिवसांनी तो खाली वाकला की नाकातून पाणी ठिबकू लागलं. डॉक्टर सर्दी म्हणाले. आईने वाफारा दिला.

काका चहाला आले आणि पेला हातात तसाच ठेवून सुध्याकडे बघत राहिले. "वैनी, ह्याचो रुमाल खंय?"

"आत्ताच धुतला. तीन धुतले सकाळपासून."

"धुतलंस कित्याक?" काका चिडलेले मी प्रथमच पाहिले. "शेंबूड सुकलो की रुमाल कडक होता. डोक्याच्या आतला पाणी सुकला तरी मऊच रव्हता."

त्यांनी सुध्याला वाकवलं आणि नाकातला लालसर थेंब हाताशी आलेल्या कागदावर घेतला. ते माझ्या नव्या पत्रकाचं हस्तलिखित होतं, कोरी बाजू वर. स्वस्त कागदावर थेंब पसरला. मधे लाल ठिपका राहिला, भोवती स्वच्छ पाण्याचं कडं.

"नक्की नाय सांगत. पण संशय येता. सुध्या, शिंकरू नको." मग त्यांनी कागद उलटून वाचला. 'बिल्डरच्या गुंडांनी माझ्या भावाला शिडीवरून ढकलले.'

"तू बघितलंस?"

आई समोर होती. मी म्हणालो, "शिडी मी धरली होती. एक दुकानदार पोस्टर फाडत होता, त्याच्याशी भांडायला सोडली."

"मगे ता लिही. पण आधी रिक्षा आण."

हॉस्पिटलात त्या पाण्यातली साखर तपासली, आणि काकांचा संशय खरा ठरला: कवटीला बारीक चीर पडून मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरत होतं. डोकं उंच ठेवून सुध्याला निजवून ठेवलं. दहा दिवसांत पाणी आपोआप थांबलं, ऑपरेशन टळलं.

महिन्याने त्याचं नाक पुन्हा वाहू लागलं. घरात कोणी जेवेना. काकांनी रुमाल दोरीवर टाकला आणि सगळ्यांना बजावलं, कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी कामावरून येऊन त्यांनी तो एका टोकाला धरला. रुमाल पापडासारखा ताठ उभा राहिला. तरी त्यांनी तो उजेडात धरलाच.

"शेंबूड," ते म्हणाले. इतका सुंदर शब्द मी एकाही पत्रकात लिहिलेला नाही. "तरी उद्या डॉक्टरांका दाखवया."

"मग शिंकरू?" सुध्याने विचारलं.

"शिंकर रे बाबा, पोटभर शिंकर."

पुढे काका निवृत्त होऊन गावी गेले. मी अजून पत्रकं लिहितो, तितकीच जहाल. फक्त छापायला देण्याआधी त्यांचा प्रश्न स्वतःला विचारतो, आणि काही ओळी खोडाव्या लागतात. आईने मात्र तो कडक रुमाल कित्येक दिवस धुतला नाही. तिने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता.