पाण्याखालची ती बाई

मालवणच्या बोटवाल्यानं मला फसवलं. माझ्या बायकोचा म्हणून त्यानं दुसऱ्याच बाईचा व्हिडिओ माझ्या हातात ठेवला. काल सोलापुरात होटगी रोडवर टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि मालवणची ती सकाळ आठवली. बोट समुद्रातल्या खडकांजवळ थांबली होती, तळापर्यंत हिरवं पाणी दिसत होतं आणि बायको काळा रबरी पोशाख चढवून कडेला बसली होती. बोटवाला म्हणाला, “वहिनी, बांगड्या काढा.” ती म्हणाली, “ह्या न्हाय निघायच्या. मासे नावं ठेवत्यात व्हय?” शेवटी त्यानं बांगड्यांवर लाल रुमाल गुंडाळला. मला पाण्याची भीती, म्हणून मी बोटीतच थांबलो. पण घासाघीस करून पाण्याखालचा व्हिडिओही डायव्हिंगच्याच पैशात बसवला होता. ती वर आली तेव्हा दात वाजत होते, तरी बोलणं थांबेना. “अहो, कपारीतनं एक मासा लई वेळ माझ्याकडं बघत हुता. मी हात हलवला की. व्हिडिओत दिसंल तुमाला.” सोलापूरला परतलो आणि आठवड्याच्या आत ती तापानं गेली. तेराव्यानंतर मी व्हिडिओ लावला. कपार होती, मासे होते, पण त्या बाईच्या मनगटावर ना रुमाल, ना बांगडी. फोन केला तर तो म्हणाला, “शेठ, मास्क लावल्यावर सगळी सारखीच दिसतत. आणि फुकटच दिलेलो ना?” फुकट असो नाहीतर विकत, माझी बायको आज कुणाच्या घरात त्या माशाला हात हलवते आहे, याचा जबाब त्यानं मला द्यावा.