बसूच्या हॉलमधलं भुयार

प्लास्टिकच्या पिशव्या घरात कुणी मुद्दाम जमवत नाही. एक दिवस स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडावं, तर शंभर पिशव्या अंगावर! आमच्या गेमचे किस्से तसेच साठलेत. आता दार उघडलंच आहे, तर ऐका.

आम्ही चौघं. बसू, म्हणजे बसवराज, गुळाचा व्यापारी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची बायको महादेवी, आमची वैनी. विलास डॉक्टर, पण माणसांचे नव्हेत, म्हशींचे. आणि मी भूगोलाचा मास्तर. चौघांचीही चाळिशी उलटलेली. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली, की बसूच्या हॉलमध्ये भिंतीएवढ्या टीव्हीपुढं बसायचं आणि भुयारात उतरायचं.

गेम साधा आहे. एकाखाली एक बारा मजल्यांचं काळोखं भुयार. खाली उतरायचं, सांगाडे फोडायचे, पेटी उघडायची, परत खाली. पेटी उघडताना असा काही करकर आवाज येतो, की वाटतं, आता तलवार निघणार! निघतो फाटका बूट. तोही एकाच पायाचा. मग वाटतं, पुढच्या पेटीत असेल. दोन वर्षं झाली, आम्ही पुढच्या पेटीपाशी आहोत.

गेम लई भारी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून तसं वाटायचं नाही.

*

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापला वीर निवडला. डॉक्टरांकडं साहजिकच बरं करायचा मंत्र आला. ज्याच्यावर नेम धरून बटन दाबाल, तो ठणठणीत.

तिसऱ्या मजल्यावर रेड्याच्या तोंडाचा एक राक्षस भेटला. वीस मिनिटं आम्ही त्याला हाणत होतो. शेवटी तो लंगडायला लागला. "आता एकच फटका!" बसू ओरडला.

तेवढ्यात हिरवा उजेड पडला, राक्षस ताठ उभा राहिला आणि त्यानं आम्हा चौघांना एका दमात आडवं केलं.

"डॉक्टर, मंत्र कुणावर टाकलासा?" बसूनं विचारलं.

डॉक्टरांनी रिमोट खाली ठेवला. घसा साफ केला.

"मागला पाय लंगडत हुता हो त्येचा!"

*

नकाशा माझ्याकडं. भूगोलाचा मास्तर असल्यावर दुसऱ्या कुणाकडं देणार? पण ह्या गेममधला नकाशा असा, की तुम्ही वळलात की तोही वळतो. उत्तर दिशा कधी डोक्यावर, कधी कुशीत. त्यात सगळे बोळ एकसारखे, सगळ्या मशाली एकसारख्या. गेम करणाऱ्यानं एकच भिंत रंगवली असणार आणि उरलेल्या भुयारभर तीच चिकटवली असणार.

तासभर चालून आम्ही एका फुटक्या रांजणापाशी आलो.

बसू म्हणाला, "मास्तर, ह्यो रांजण ओळखीचा वाटतोय."

"असे खूप असतात," मी म्हणालो.

"ह्येला मीच फोडलाय!"

शेवटी कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. आमच्या कोल्हापुरात पत्ता विचारला तर माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत सोडून येतो. ह्या म्हाताऱ्याला एकच वाक्य येत होतं. ते टीव्हीवर इंग्रजीत उमटायचं आणि मी मराठीत सांगायचो, "सावध राहा, पुढे अंधार आहे." दहा वेळा विचारलं, दहा वेळा अंधार.

बसू सोफ्यावरून उठलाच. "आवं पावणं, अंधार आमास्नी बी दिसतोय! डावीकडं का उजवीकडं, त्येवडं सांगा की!"

*

सापडलेल्या सामानाची पिशवी वैनीकडं. वैनी काहीही टाकत नाही. गंजलेले कोयते, अकरा फुटकी शिरस्त्राणं, झाडून सगळे एका पायाचे बूट. "दुसरा पाय घावंल की कुठंतरी!"

पिशवी जड झाली की गेममधला माणूस पळू शकत नाही. एकदा मागून छत कोसळत येत होतं. आम्ही तिघं सुटलो, वैनीची बाई मात्र भाजी घेऊन चढ चढल्यासारखी येत होती.

"टाक की ती ढाल!" बसू ओरडला.

"मोडीत तरी जाईल!" वैनी म्हणाली आणि ढालीसकट गाडली गेली.

मोडीत घालायची सोयही आहे. सातव्या मजल्यावर एक दुकान लागतं. राक्षसांच्या मधोमध एवढ्या खोल तो दुकानदार माल कुठून आणतो, देव जाणे. वैनीनं त्याच्यापुढं सगळं मांडलं. त्यानं कवडीमोल भाव दाखवला. वैनी मला थंडपणे म्हणाली, "सर, घासाघीस करायचं बटन कंचं?"

"तसं बटन नाही वैनी."

"न्हाय?" तिनं सगळा माल परत पिशवीत भरला. "मग ह्येला बाजार कोण म्हणतंय?"

*

ह्या गेममध्ये जीव कमी झाला की खायचं. कधी सफरचंद सापडतं, पण बहुतेक वेळा भाजलेली तंगडी. एकदा बसूचा वीर अगदी मरायला टेकला होता. समोर तंगडी पडलेली. बसू हलेना.

"खा की!" आम्ही ओरडलो.

"गळ्यात लिंग हाय माझ्या." बसू लिंगायत, मटणाला शिवत नाही.

वैनी म्हणाली, "अवो, खरं कुठं खायाचं हाय? बटन तर दाबायचं!"

"बटन दाबणारं बोट कुणाचं हाय?"

एवढ्यात एका साध्या उंदरानं त्याच्या वीराला चावून मारलं. तेव्हापासून सगळी सफरचंदं बसूला, असा नियमच झाला. तंगड्या डॉक्टर आणि मी खातो. आमची काही तक्रार नाही.

*

गेम आपल्याला एक फुकटचा सोबतीही देतो. तो स्वतःच चालतो आणि स्वतःच अडकतो. प्रत्येक दारात! तो दारात रुतला की मागच्या कुणालाच जाता येत नाही. त्याला नाव देता येतं. बसूनं वैनीला न विचारता नाव दिलं, म्हेवणा.

एका रविवारी तो असाच रुतून बसला. बसूचं डोकं फिरलं. टीव्हीवरची नजर न हलवता तो गरजला, "ह्यो म्हेवणा परत दारात अडाकला! ना आत येतोय, ना भाईर जातोय! मारा त्येला एक लाथ!"

मागं धप्पकन काहीतरी पडलं. आम्ही वळलो. उंबऱ्यात वैनीचा सख्खा भाऊ उभा. नेसरीहून आलेला, घामाघूम. खांद्यावरून आत्ताच उतरवलेलं घनसाळ तांदळाचं पोतं पायाशी.

"दाजी," तो म्हणाला, "चप्पल काडत हुतो."

*

आणि आता बारावा मजला. तिथं आग ओकणारी राक्षसीण आहे, आणि तिथं गेम सेव्ह होत नाही. तिच्यासमोर उभं राहायलाच तीन तास लागतात. मध्ये बंद केलं, की तीन तास पाण्यात.

एका रविवारी आम्ही पहिल्यांदाच चौघंही जिवंत तिच्यापुढं पोचलो. आणि डॉक्टरांचा फोन वाजला. कागलजवळच्या दत्तूमामा नावाच्या शेतकऱ्याची म्हैस विताना अडली होती. डॉक्टर उठलेच. कोपऱ्यात बसूची आई, अव्वा, शेंगा फोडत बसली होती. डॉक्टरांनी रिमोट तिच्या मांडीवर ठेवला.

"अव्वा, मी फोनवर 'हां' म्हणलं की ह्ये बटन दाबायचं. फकस्त येवडंच."

गेम तासाभरापुरताच थांबवता येतो; तो तसा थांबवून आम्ही बसलो. अर्ध्या तासानं फोन आला. डॉक्टरांनी तो स्पीकरवर टाकून गोठ्याच्या खुंटीला अडकवला होता. आम्ही गेम चालू केला.

"आग ओकतीया डॉक्टर!" बसू.

"हां!" डॉक्टर. अव्वानं दाबलं, आम्ही वाचलो.

"कळ आली डॉक्टर!" तिकडून दत्तूमामा.

"हां, वढा!" अव्वानं परत दाबलं. तिला काय, हां म्हणजे हां! पण त्या जास्तीच्या दाबण्यानंच आम्ही टिकलो. तिकडं म्हैस हंबरत होती, इकडं राक्षसीण. कुठली कुठं, कळायचं बंद झालं. म्हशीचं हंबरणं ऐकून वैनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हां! हां! सोडू नका! हां!"

फोनमधून आवाज आला, "रेडी झाली! जित्ती हाय!"

त्याच क्षणी बसू किंचाळला, "मेली! डॉक्टर, आमची मेली!"

पलीकडून दत्तूमामांचा आवाज, हळू. "डॉक्टर, तिकडं बी अडली हुती व्हय?"

आणि रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसूकडं गेलो, तर सोफ्यावर एक अनोळखी म्हातारा बसलेला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, पायाशी झाकणाचा डबा.

"पावणं, डॉक्टरांकडनं घर इचारून आलो," दत्तूमामा बसूला सांगत होते. "'नुस्ता खेळ हुता' म्हणून डॉक्टरांनी माजी समजूत घातली, पर मला कळतंय. माजी वाचली, तुमची गेली. रातभर डोळं लागलं न्हाईत. खरवसापुरता चीक आणलाय थोडा."

बसूनं माझ्याकडं बघितलं. मी बंद टीव्हीकडं.

"मागं काय हाय का तिच्या?" मामांनी विचारलं. "रेडकू?"

वैनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं तो डबा दोन्ही हातांनी उचलला.

"हाय की मामा," ती म्हणाली. "वाचलंय. कपाळावर पांढरा चांद हाय."